बघणाऱ्याची सही

गाडीतला आवाज शोधणं हा माझा छत्तीस वर्षांचा धंदा. गिऱ्हाईक सांगणार, "उजवीकडे वळलं की काहीतरी खुडखुडतंय," आणि मी शेजारच्या सीटवर बसून डोळे मिटून ऐकणार. निम्म्या वेळा डिकीत विसरलेला पाना निघायचा. एका वकिलाच्या गाडीत सहा महिने वाजणारी वस्तू म्हणजे त्याच्याच सासऱ्यांची कवळी निघाली, सीटच्या रुळात अडकलेली. सासरे तोवर नवी करवून मोकळे झाले होते. सांगायचा मुद्दा एवढाच, की आवाज आहे म्हटल्यावर त्याला मूळ असतंच, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांतला मी. अजूनही तसं सांगायला मला आवडलं असतं.

रिटायर होऊन सहा वर्षं झाल्यावर शोरूमच्या मॅनेजरने मला बोलावून घेतलं. आमच्या जपानी कंपनीला शंभर वर्षं होत होती आणि त्याला एक पुस्तिका काढायची होती. म्हणाला, "इतिहास तुम्ही लिहा, आणि जुन्या मालकांचे अनुभव गोळा करा. तुमच्याशी लोक मोकळेपणी बोलतील." मी म्हटलं, मला लिहायचं काय कळतंय. तर म्हणाला, "तुम्ही फक्त पत्रं जमवा. टाइप करायला स्पेअर पार्टच्या काउंटरवरच्या बाई आहेत."

त्या बाई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच बहुधा त्याने चष्मा पुसायला काढला.

इतिहास तसा सरळ होता. मूळ पुरुषाने मासेमारीच्या होड्यांसाठी हातपंप बनवले, मग सायकलला बसवायचं इंजिन, मग युद्धात कारखाना जळाला आणि उरलेल्या पत्र्यातून एक बुटकी चार चाकी उभी राहिली. तिचीच नात आमच्याकडे आली. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं, पण लोकांनी पहिल्याच महिन्यात तिला 'डबी' म्हणायला सुरुवात केली. डबीने आमच्या वर्कशॉपची अठरा माणसं जगवली. आणि डबीबरोबर आले ते पांढऱ्या हातमोज्यांचे जपानी मास्तर.

मास्तर माझ्या खांद्याएवढे होते. दुभाष्या घेऊन तीन महिने राहिले आणि आम्हाला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली. तपासायची वस्तू नुसती बघायची नाही, तिच्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने बोलायचं. गाडी बाहेर सोडण्यापूर्वी दोन माणसं लागतात. एक आत बसतो, तो बोलणारा. दुसरा गाडीमागे उभा राहतो, तो बघणारा. बोलणाऱ्याने "डावा इंडिकेटर" म्हणून बटण दाबायचं. बघणाऱ्याने दिव्याकडे बोट करून "लागला" म्हणायचं, नसेल तर "नाही लागला". अशा एकोणीस ओळी. पत्रकावर खाली दोन सह्या, बोलणाऱ्याची आणि बघणाऱ्याची. आम्ही या प्रकाराला 'बोटबोंब' म्हणायचो आणि मास्तरांची पाठ वळली की नकला करायचो. पण सवय लागली. आमच्या एका मेकॅनिकने लग्नात सासऱ्यांकडे बोट दाखवून "आहेत" म्हटलं होतं, ते अजून लोक सांगतात.

बोलणारा मी, बघणारा धाकटा. पाच वर्षं आमची ही जोडी होती. धाकट्याला बारमाही सर्दी. त्याचं "लागला" नाकातून यायचं, आणि शेवटचा 'ला' जरा खाली पडायचा. इतर जोड्या चार गाड्या काढायच्या तेवढ्यात आम्ही सहा काढायचो, कारण मला त्याच्या उत्तराची वाट बघावी लागत नसे. माझं बोलून व्हायचं आणि त्याचं उत्तर आलेलंच असायचं.

तो गेला त्याला आता एकतीस वर्षं झाली. कसा गेला ते इथेच सांगतो, लपवाछपवी पुरे झाली.

लग्नाला अकरा महिने झाले होते. त्याची बायको माहेरी गेली होती आणि रोज दुपारी दोनला तो समोरच्या दुकानातून तिला फोन करायचा. त्या दिवशी एक डबी तीनपर्यंत घाटावरच्या गिऱ्हाइकाला पोचवायची होती. धाकटा फोनवर. मला आधीच कशावरून तरी राग आलेला, आज आठवतही नाही कशावरून. म्हटलं, याच्या गुलुगुलुपायी मी का थांबू. एकटाच आत बसलो, "ब्रेक" म्हणून पेडल दाबलं, आणि आतूनच "लागला" म्हणालो. उतरून बघितलं नाही. एकोणीसच्या एकोणीस ओळी तशाच. खाली माझी सही केली आणि शेजारी त्याची. शाळेपासून त्याच्या प्रगतिपुस्तकावर मीच सह्या करत आलो होतो, मग हीही एक.

धाकटा आला, पत्रक बघून हसला. म्हणाला, "दादा, माझी सही तू माझ्यापेक्षा झकास करतोस." आणि किल्ली घेऊन तोच गाडी पोचवायला निघाला.

घाटात धुकं होतं. वळणावर त्याने ब्रेक मारला आणि मागून ट्रक आला. गाडी मागून चेपली, पुढचा भाग जवळजवळ जसाच्या तसा होता. मार मानेला लागला. ट्रकवाला पोलिसांना, कोर्टात, ज्याला त्याला एकच सांगत होता, "साहेब, दिवा लागलाच नाही हो." कोण ऐकतंय. दोन वर्षं आत गेला.

मोडलेली गाडी आमच्याच वर्कशॉपला आणली होती. पोलीस यायच्या आधी मी पेडलखाली हात घातला. ब्रेकच्या दिव्याच्या स्विचची वायर निघून लोंबत होती. मी ती अंगठ्याने आत दाबली. टक् करून बसली. पत्रकावर दोन्ही सह्या होत्याच.

हे मी आईला सांगितलं नाही, धाकट्याच्या बायकोला सांगितलं नाही. तिला पार्टच्या काउंटरवर नोकरी लावून दिली, तिच्या घराचं छप्पर दुरुस्त करून दिलं, आणि दर आठवड्याला "काही हवं-नको?" विचारत राहिलो. लोक म्हणायचे, दीर असावा तर असा. ऐकून तोंड कडू व्हायचं.

तर पत्रं. दोन महिन्यांत त्रेचाळीस आली. कुणी लिहिलं, डबीत बसून पोरगी सासरी गेली. कुणी लिहिलं, पहिल्या गिअरला अजून हात दुखतो पण विकवत नाही. भूगोलाच्या एका निवृत्त बाईंचं पत्र जरा निराळं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "एक गंमत सांगते. चौकात ब्रेक दाबला की मागे कुणीतरी हळूच 'लागला' म्हणतं. इतक्या वर्षांत सवय झाली आहे. एकटी राहते, त्यामुळे बरं वाटतं."

मी म्हटलं, मागच्या फळीचं करकरणं. म्हातारपणी माणूस हवं ते ऐकतो.

मग जनावरांच्या डॉक्टरचं आलं. तो हिशेबी माणूस, पत्रही औषधाच्या चिठ्ठीसारखं. "ब्रेक दाबल्यावर गाडीमागून पुरुषाचा आवाज येतो. 'लागला.' गेल्या वर्षी एकदा 'नाही लागला' आला. उतरून पाहिले. डावा बल्ब गेला होता. बदलला. आवाज पूर्ववत."

हे पत्र मी दोनदा वाचलं आणि चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंकडे गेलो. गाडी अंगणात, धुऊनपुसून ठेवलेली. सकाळचे दहा, गल्लीत भांडी घासल्याचे आवाज. मी आत बसलो, काचा वर केल्या, इंजिन बंद ठेवलं. मागचं सीट चाचपलं, फळी दाबून पाहिली. मग पेडल दाबलं.

"लागला."

नाकातून. शेवटचा 'ला' खाली पडलेला.

मी आठ वेळा दाबलं, आठही वेळा आला. गाडीमागे, दोन हातांवरून, म्हणजे बघणाऱ्याने जिथे उभं राहायचं तिथून. बाई दारात उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. "आला ना?" म्हणाल्या. "गोड आहे हो आवाज." मी मान हलवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. त्यांना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणलं.

वर्कशॉपच्या माळ्यावर जुनी रजिस्टरं होती, ती घरी आणली. त्रेचाळीसपैकी अकरा पत्रांत आवाजाचा उल्लेख होता, कुणी सहज, कुणी हसत. अकराही गाड्यांच्या पत्रकावर बघणाऱ्याची सही धाकट्याची होती. त्याची स्वतःची, वेडीवाकडी. बाकीच्या बत्तीस गाड्या दुसऱ्या जोड्यांच्या किंवा त्याच्यानंतरच्या. तपासायचं ते तपासून झालं होतं, आणि मूळ सापडलं म्हणावं तर कसलं मूळ.

हे सगळं मी पोटात ठेवलं. पण पत्रं टाइप कोण करत होतं?

ती एका संध्याकाळी माझ्या घरी आली. छप्पन वर्षांची बाई, काउंटरवर उभं राहून राहून गुडघे गेलेले, हजारभर पार्टचे नंबर तोंडपाठ. खुर्चीत बसली नाही. हातात अकरा पत्रं, वेगळी काढलेली.

"भाऊजी, हे कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे."

मी पत्रं घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाहीत.

"सगळ्यांशी बोलतात," ती म्हणाली. "त्या डॉक्टरशी बोलतात. कोण कुठल्या भूगोलाच्या बाईशी बोलतात. मी सव्वीस वर्षं तीच गाडी चालवतेय, मला एकदासुद्धा 'लागला' म्हणाले नाहीत." तिचा आवाज चिरकला. "मी काय केलं होतं? त्या दिवशी मीच फोन लांबवला, तेच ना?"

एकतीस वर्षं ती हे घेऊन बसली होती, आणि मी छप्पर दुरुस्त करत होतो.

तरी त्या वेळी मी खरं सांगितलं नाही. घाबरट माणूस. एवढंच म्हणालो, "तसं नाही गं. तुझी गाडी त्याच्यानंतर आली. त्याने तपासलेली नाही, म्हणून."

तिने पत्रं टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मग आता तपासा. तुम्ही बोला. तुमच्या हाकेला ते कधी चुकले नाहीत."

"उगाच काहीतरी."

"भाऊजी, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं आहे?"

नव्हतं मागितलं.

रविवारी सकाळी अकराला वर्कशॉप उघडलं. आत कुणी नव्हतं. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवरच्या तेलाच्या डागांवर पडलेल्या. तिची करडी डबी मधल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी केली. मी आत, ती शेजारी. गाडीमागे मोकळी फरशी आणि लोखंडी दरवाजा, आतून कडी लावलेला. तिने कुंकवाएवढी लाल टिकली लावली होती. इतक्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"मागचे दिवे," मी बोललो.

काही नाही.

"डावा इंडिकेटर." काही नाही. "उजवा इंडिकेटर." टिकटिक, बस्स. ती हात मांडीवर घट्ट धरून समोर बघत होती. दहा ओळी अशाच गेल्या. मला सुटल्यासारखं वाटू लागलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, नाही येत. घरी जाऊ.

अकरावी ओळ. "ब्रेक."

पेडल दाबलं.

"नाही लागला."

तिने माझं मनगट पकडलं. "हेच," ती म्हणाली. "भाऊजी, हेच आहेत." डोळ्यांतून पाणी, आणि चेहरा पंचवीस वर्षांच्या मुलीचा. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "पण बल्ब तर मी गेल्याच महिन्यात बदललेत. दोन्ही."

ती उतरली, गुडघा धरत मागे गेली. "दाबा."

दाबलं.

"लागलाय की!" तिने मागून सांगितलं. "दोन्ही बाजूंचा. लख्ख."

"नाही लागला."

आता आवाज बाहेरून आला नव्हता. माझ्या मागच्या सीटवरून आला होता.

मी पाय काढला. पुन्हा ठेवला.

"नाही लागला."

आरशात बघायची माझी छाती झाली नाही.

ती परत येऊन बसली. "असं का म्हणतायत?" तिने अगदी साधेपणाने विचारलं, काउंटरवर एखादा नंबर विचारावा तसं. "दिवा तर लागतोय."

मला काहीही सांगता आलं असतं. वायर सैल आहे, स्विच जुना आहे. तिने मानलंही असतं. मी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि सांगितलं. राग, पत्रक, दोन सह्या, लोंबणारी वायर, अंगठा. "तुझ्या फोनचा काही दोष नव्हता," हे सांगितलं. हे आधी सांगायला हवं होतं, ते शेवटी सांगितलं.

तिने पदराने डोळे पुसले. मग विचारलं, "तो ट्रकवाला किती वर्षं आत होता?"

"दोन."

"त्याला शोधा. आणि आता माझ्या गाडीतून उतरा."

मी उतरलो. कडी काढली. तिने गाडी बाहेर काढली आणि रस्ता बघायला फाटकाशी थांबली. दिवे लागले. मी कान दिले. मला काहीच ऐकू आलं नाही.

ट्रकवाल्याचं घर सापडायला महिना गेला. तो चार वर्षांपूर्वीच वारला होता. त्याच्या बायकोने मला ओसरीत बसवलं, सगळं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला माहीतच होतं. दिव्याबद्दल ते झोपेतसुद्धा बोलायचे." पोलिसांकडेही मी लेखी देऊन आलो. तिथल्या अधिकाऱ्याने कागद घेतला, वाचला आणि मला घरी पाठवलं.

त्यानंतर एक दिवस भूगोलाच्या बाईंचा फोन आला. गाडी गप्प झाली आहे, येऊन बघता का. जनावरांच्या डॉक्टरचंही कार्ड आलं, "आवाज बंद. कारण कळवावे." मी एकेकाला फोन केले. अकराही गाड्या त्याच रविवारी गप्प झाल्या होत्या. बाई फोनवर रडत होत्या आणि मला त्यांची समजूत घालता येईना.

पुस्तिका निघाली, त्यात यातलं काही नाही. रजिस्टरं परत द्यायला मी वर्कशॉपला गेलो. ती काउंटरवर होती. तीन महिन्यांत तिने माझा एकही फोन उचलला नव्हता. अंगावर निळी साडी, केस नीट बांधलेले, तब्येत सुधारलेली. एका गिऱ्हाइकाला फॅनबेल्ट दिला, मग माझ्याकडे वळली. रजिस्टरं मोजून घेतली.

"ट्रकवाल्याच्या घरी जाऊन आलो," मी म्हणालो.

"कळलं."

जायला हवं होतं, पाय निघेना. "गाडीत…" मी विचारलं. "काही बोलतो का?"

"बोलतात." ती थोडीशी हसली. "रोज. निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत. ब्रेकचंच असं नाही आता. माझ्या गुडघ्यांचं विचारतात, आईंचं विचारतात. डावीकडून जा, उजवीकडे खड्डा आहे, सगळं."

मला फार बरं वाटलं. आणि त्याच दमात मी विचारून बसलो, "माझ्याबद्दल काही?"

तिचं हसू गेलं. काउंटरवरचा एक नट उचलून तिने डब्यात टाकला.

"मी काढला होता विषय. म्हटलं, दादांना भेटायचंय, आणू का एकदा?"

"मग?"

"म्हणाले, 'कुठला दादा?'" तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिला माझी कीव आलेली मला दिसली. "रागाने नाही हो, भाऊजी. राग असता तर मला कळला असता. खरंच आठवत नाही, अशा आवाजात विचारलं."